उमेदवारीचा काळ : ‘पिस्तुल्या’ ते ‘फँड्री’

दलित साहित्याची चर्चा करताना आपण अनुभवाविषयी पुष्कळ बोललो, भाषेविषयी बोललो, बांधिलकीविषयी तर वाद घालून दमलो. भांडवलाविषयी मात्र आपण फारसे बोललो नाही. त्याला कारणही होते. कवितेला भांडवल लागत नाही. गिरणीची पाळी संपवून आलेला माणूस खोलीच्या कोपऱ्यात, कंदिलाच्या उजेडात, पाठकोऱ्या कागदावर कविता लिहू शकतो आणि कुठलेतरी अनियतकालिक ती छापू शकते. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्यानंतरच्या तीसेक वर्षांत कविता आली, कथा आली, आत्मकथने आली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८चे, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८०चे, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७चे. मराठी साहित्याचा नकाशा या पुस्तकांनी बदलून टाकला, हे आज प्रस्थापितांनाही मान्य करावे लागते.

मग चित्रपट का आला नाही? ज्या महाराष्ट्रात दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, ज्या पुण्यात १९६० साली प्रभातच्या जागेवर सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उभी केली, त्याच महाराष्ट्रात गावकुसाबाहेरच्या माणसाच्या हाती कॅमेरा यायला इतकी वर्षे का लागली? अनुभव नव्हता असे कोणी म्हणणार नाही. प्रतिभा नव्हती असेही म्हणता येणार नाही, कारण तीच प्रतिभा लेखणीतून ओसंडून वाहत होती. या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर एखाद्या दिग्दर्शकाच्या यशाचा काळ पाहून भागत नाही. त्याचा उमेदवारीचा काळ पाहावा लागतो. म्हणून श्री. नागराज मंजुळे यांच्या आरंभीच्या वाटचालीकडे, म्हणजे ‘पिस्तुल्या’ ते ‘फँड्री’ या चार-पाच वर्षांकडे, मी येथे वळतो. ‘सैराट’ने गल्ला किती जमवला हे सर्वांना तोंडपाठ आहे. त्याआधी काय घडले याकडे मात्र समीक्षेचे जावे तितके लक्ष गेलेले नाही.

आधी पार्श्वभूमी पाहिली पाहिजे. भारतीय पडद्यावर अस्पृश्य माणूस नव्हताच असे नाही. १९३६ साली ‘अछूत कन्या’ आला, १९५९ साली बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. हे चित्रपट काढणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका घ्यावयाची नाही. परंतु या दोन्ही चित्रपटांत अस्पृश्य मुलीच्या वाट्याला काय येते ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या चित्रपटातील कस्तुरी धावती आगगाडी थांबवताना मरते. दुसऱ्यातील सुजाता आपले रक्त देऊन पालक-आईचे प्राण वाचवते, तेव्हा कुठे त्या घराचे मन पाझरते. माणूस म्हणून मान्यता मिळवायची तर आधी देहाने किंमत मोजा, अशी ही अट आहे. ही सहानुभूतीची कला आहे. सहानुभूती देणारा नेहमी उंचावर बसलेला असतो आणि घेणाऱ्याने नम्र असावे अशी त्याची अपेक्षा असते.

१९७४ साली श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ आला. त्याच्या शेवटी एक लहान मुलगा जमीनदाराच्या घरावर दगड भिरकावतो. खिडकीची काच फुटते आणि पडदा लाल होतो. हा दगड आपण लक्षात ठेवला पाहिजे, कारण सुमारे चाळीस वर्षांनी मराठी पडद्यावर आणखी एक दगड येणार आहे.

नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. समाज वडार, म्हणजे पिढ्यानपिढ्या दगड फोडणारा. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या कपाळावर जन्मतःच गुन्ह्याचा शिक्का मारला आणि १९५२ साली तो कायदा गेल्यावरही गावाच्या नजरेतून ज्यांचा शिक्का पुसला गेला नाही, त्या जमातींच्या शेजारात ही वस्ती येते. मंजुळे यांनी पुणे विद्यापीठातून मराठीत एम. ए. केले. ते कवी आहेत. ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा त्यांचा संग्रह. पुढे अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, एका महाविद्यालयात त्यांनी जनसंज्ञापनाचा अभ्यासक्रम घेतला आणि विद्यार्थी असतानाच ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. साल २००९.

येथे थोडे थांबावे असे मला वाटते. पुण्याची नामांकित संस्था नव्हे, मुंबईचा स्टुडिओ नव्हे, जिल्ह्याच्या गावातील एक साधे महाविद्यालय. मी स्वतः तालुक्याच्या गावी शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला माणूस मी. अशा महाविद्यालयांविषयी विद्वानांच्या बैठकीत जो तुच्छतेचा सूर लागतो तो मी अनेकदा ऐकला आहे. तेथे काय होणार, असे विचारले जाते. तेथे ‘पिस्तुल्या’ झाला, हे त्याचे एक उत्तर आहे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला जे महाविद्यालय परवडते, जेथे त्याला एस. टी.ने किंवा पायी पोहोचता येते, तेथे एक कॅमेरा आणि एक समजूतदार शिक्षक असला तर काय घडू शकते याचा तो पुरावा आहे.

‘पिस्तुल्या’ची कथा दोन ओळींत सांगता येते. चोरीच्या वाटेला लावल्या गेलेल्या घरातील एका लहान मुलाला शाळेत जायचे आहे. बस, एवढेच. परंतु या एवढ्याशा इच्छेच्या आड काय काय उभे आहे हे हा लघुपट दाखवतो. शिक्षणाचे महत्त्व पटवून देणारी सरकारी अनुबोधपटाची भाषा तो वापरत नाही. शाळा ही त्या मुलाला दिसते, तिचा आवाज त्याला ऐकू येतो, पण तिचे दार आपल्यासाठी आहे की नाही हे त्याला कळत नाही. २०१०च्या चित्रपटांसाठीच्या ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या लघुपटाला पदार्पणातील दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला.

पुरस्कार मिळाला म्हणजे वाट मोकळी झाली, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. वस्तुस्थिती तशी नसते. लघुपटाला चित्रपटगृह नसते. मराठी चित्रपटाला सरकारी अनुदान आहे, पण ते चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन मिळते. म्हणजे ज्याच्याजवळ आधीच पैसा आहे त्याला नंतर पैसा मिळतो. मधल्या काळात पटकथा लिहायची, ती घेऊन निर्मात्यांचे उंबरे झिजवायचे, नट शोधायचे, गावे पाहायची, आणि हे सारे करीत असताना दोन वेळची चूलही पेटती ठेवायची. चित्रपटधंद्यात या काळाला काही मोल नाही. माझ्या मते कलाकृती मात्र याच काळात घडते. कवितेला भांडवल लागत नाही असे मी वर म्हटले. चित्रपटाला जे पहिले भांडवल लागते ते फिल्मचे वा कॅमेऱ्याचे नसून वेळेचे असते. विचार करायला मोकळा असलेला वेळ ही आपल्या समाजात वारसाहक्काने मिळणारी मालमत्ता आहे, आणि ती जातीनेच वाटली गेली आहे.

याच सुमारास आलेल्या दुसऱ्या एका तरुणाच्या पहिल्या चित्रपटाशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजला आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा मोठा सन्मान घेऊन आला. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. त्यांचे नटमित्र विवेक गोम्बर यांनी निर्मिती केली आणि वकिलाची भूमिकाही केली. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर गटारसफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा खटला भरला जातो, अशी त्याची कथा आहे. कांबळ्यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली; २०२१ साली कोरोनाने ते गेले. गाणी संभाजी भगतांची. ‘कोर्ट’ हा प्रामाणिक आणि संयमी चित्रपट आहे, आणि त्यात सहानुभूतीची ओल नाही ही त्याची मोठी गोष्ट आहे. ताम्हाणे यांना शाहिराच्या घरात शिरण्याचा मोह होत नाही. ते न्यायालयाच्या बाकावर बसतात आणि तारखांमागून तारखा पाहतात. बाहेरच्या माणसाने कोठे उभे राहावे याचे त्यांना भान आहे. परंतु ते उभे राहू शकले, थांबू शकले, कारण मागे मित्राचा आधार होता. हा आधार मिळाला याबद्दल कोणाचा हेवा करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की करमाळा तालुक्यातल्या तरुणाला असा मित्र कोठे भेटणार?

मंजुळे यांनी या अभावावर जो तोडगा काढला तो त्यांच्या कलादृष्टीचाच भाग झाला. त्यांनी आपली माणसे घेतली. ‘पिस्तुल्या’मधला सूरज पवार ‘फँड्री’त जब्याचा मित्र पिऱ्या झाला. जब्या झालेला सोमनाथ अवघडे हा केम गावचा, हलगी वाजवणारा मुलगा. किशोर कदम, छाया कदम यांच्यासारखे कसलेले नट आणि ही गावची पोरे एकाच चौकटीत उभी राहतात आणि जोड कोठेही दिसत नाही. हे सोपे नाही. नवख्या मुलांकडून काम करवून घ्यायचे तर त्यांच्यात राहावे लागते, त्यांची बोली, त्यांची चाल, त्यांचा राग माहीत असावा लागतो. ज्या गोष्टी पैशाने विकत घेता आल्या असत्या त्यांच्या जागी येथे ओळख कामाला आली. आत्मकथनांना जी ताकद आठवणीने दिली, तीच ताकद या चित्रपटाला माणसांच्या निवडीने दिली.

‘फँड्री’ हा शब्द कैकाडी बोलीतला. त्याचा अर्थ डुक्कर. ‘राजा हरिश्चंद्र’ला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या २०१३ साली हा चित्रपट मुंबईच्या महोत्सवात दाखवला गेला आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी तो चित्रपटगृहांत लागला. पौराणिक राजाच्या नावापासून निघालेला चित्रपट शंभर वर्षांनी कैकाड्याच्या बोलीतील डुकरापर्यंत आला, हा प्रवास लहान नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की मंजुळे वडार आणि त्यांचा जब्या कैकाडी. स्वतःच्याच जातीची कैफियत मांडून ते थांबत नाहीत, शेजारच्या झोपडीत शिरतात. कैकाडी समाजाचे जगणे ‘उपरा’ने तेहतीस वर्षांपूर्वी मराठी वाचकापुढे ठेवले होते. ‘फँड्री’ त्या परंपरेत बसतो, आणि तिला एक नवे इंद्रिय देतो.

त्यातील तीन प्रसंगांचा विचार करू. पहिला राष्ट्रगीताचा. कचरू मान्याचे कुटुंब डुकराच्या मागे धावत आहे, डुक्कर हाताशी आले आहे, इतक्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थबकतो. घरच्यांनाही थांबावे लागते. डुक्कर मात्र निघून जाते. प्रेक्षागृहात येथे हशा पिकतो. हसणाऱ्याने स्वतःला विचारावे की या चौकटीत राष्ट्राशी इमान राखणारा एकमेव घटक कोण आहे? ज्यांना राष्ट्राने काहीच दिले नाही ते सावधान उभे आहेत. दुसरा प्रसंग भिंतीचा. पकडलेले डुक्कर काठीला बांधून बापलेक नेत आहेत आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, जोतीराव, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे रंगवलेली आहेत. कोणी काही बोलत नाही. भाषण नाही, संगीताचा उमाळा नाही. महापुरुष भिंतीवर गेले आणि डुक्कर खांद्यावर राहिले, एवढे सत्य कॅमेरा सांगतो. जयंत्या साजऱ्या करणाऱ्या आपल्या सर्वांना ही चौकट अस्वस्थ करते. तिने तसे करायलाच हवे.

तिसरा प्रसंग शेवटचा. साऱ्या गावासमोर, ज्या शालूवर त्याचा जीव आहे तिच्यासमोर, जब्याची विटंबना होते. तो दगड उचलतो. शेवटचा दगड सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. ‘अंकुर’मधल्या मुलाचा दगड जमीनदाराच्या खिडकीवर बसला होता. तेथे जमीनदार दोषी होता. प्रेक्षक मुलाच्या बाजूने, सुरक्षित बसून होता. जब्याचा दगड प्रेक्षकाच्या कपाळावर येतो. मघाशी हसलात ना, असे तो विचारतो. सहानुभूती आणि स्वानुभव यांतील फरक आपण अनेक परिसंवादांतून समजावून सांगत आलो. मला वाटते, या दोन दगडांच्या दिशांत तो फरक जितका स्पष्ट झाला तितका आमच्या व्याख्यानांतून झाला नसेल. दगड फोडणाऱ्यांच्या घरातून आलेल्या दिग्दर्शकाने हा दगड भिरकावला आहे, हेही विसरता येत नाही.

गौरव करून थांबलो तर ही समीक्षा होणार नाही. ‘फँड्री’ची मला जाणवणारी मर्यादा स्त्रीच्या चित्रणात आहे. शालू ही जवळजवळ मुकी आहे. ती गोरी आहे, उच्च जातीची आहे, आणि जब्याच्या स्वप्नाचा विषय आहे. तिच्या मनात काय चालते हे चित्रपटाला विचारावेसे वाटत नाही. जब्याची आई आणि बहिणी टोपल्या विणतात, डुकरामागे धावतात, अपमान गिळतात. त्यांच्या वाट्याला दुहेरी दास्य आहे, पण ते जब्याच्या डोळ्यांतून दिसते तेवढेच दिसते. हा दोष आत्मकथनांच्या पहिल्या पिढीतही होता, हे आपल्या लेखिकांनी वेळोवेळी दाखवून दिले आहे. मंजुळे यांच्या बाबतीत आशेची गोष्ट अशी की २०१६च्या ‘सैराट’मध्ये पाटलाची आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, प्रेमात पुढाकार घेते आणि घर सोडल्यावरची किंमतही डोळे उघडे ठेवून मोजते. शालूपासून आर्चीपर्यंतचा हा प्रवास दिग्दर्शकाच्या वाढीचा प्रवास आहे. आणखी एक खूण याच चित्रपटात आहे. शाळेत जाऊ पाहणारा पिस्तुल्या, जब्याचा सोबती पिऱ्या, तोच सूरज पवार ‘सैराट’मध्ये बहिणीचा खून करणारा प्रिन्स पाटील होतो. आपल्या नटाला कायम पीडिताच्या भूमिकेत कोंडून ठेवायचे नाही, हे यातून दिसते. जात ही अंगात जन्मत नाही, ती अंगावर चढवली जाते, हे सांगायला याहून साधा मार्ग नाही.

हा सारा विचार मला का करावा लागला तेही सांगतो. आमच्या महाविद्यालयात मी ‘फँड्री’ दाखवला. चित्रपट संपल्यावर एक सहकारी प्राध्यापक म्हणाले, “चित्रपट चांगला आहे हो, पण हे सारे पुन्हा उकरून कशाला काढायचे?” त्यांना मी काय उत्तर दिले ते महत्त्वाचे नाही. दोन दिवसांनी द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी आला. वस्तीवर राहणारा, सुट्टीत आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणारा. तो म्हणाला, “सर, मला पण असं काढायचंय. आधी काय करू?” या प्रश्नाला उत्तर देणे त्या सहकाऱ्यांना उत्तर देण्यापेक्षा फार अवघड आहे.

आज कोणी म्हणेल, त्यात अवघड काय? कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. हे अर्धसत्य आहे. मोबाईलने चित्र घेता येते, पण कोयता खाली ठेवून सहा महिने पटकथा लिहिण्याची सवड मोबाईल देत नाही. चित्र झाले तर ते दाखवायचे कोठे? पाहून त्यावर कठोरपणे, आपुलकीने बोलणार कोण? दलित कवीला हे सारे मिळाले होते. त्रैमासिके होती, अनियतकालिके होती, संमेलने होती, कच्ची कविता परत पाठवून पुन्हा लिही म्हणणारे संपादक होते. चळवळीने कवीला वाचक दिला, धाक दिला आणि धीरही दिला. चित्रपट करणाऱ्या आपल्या तरुणाला यांतले काय आहे? तो एकटा आहे, आणि एकट्याला बाजार लवकर गाठतो. बाजार काय करतो हे २०१८ साली ‘सैराट’च्या हिंदी अवतारात, ‘धडक’मध्ये, आपण पाहिले. कथा राहिली, प्रेम राहिले, रक्तही राहिले. जात तेवढी पातळ होऊन गेली.

त्या विद्यार्थ्याला मी जे सांगितले तेच येथे मांडतो, कारण ते एकट्याने करण्यासारखे नाही. पहिली गोष्ट, दहा मिनिटांचा लघुपट करावा, आणि आपल्याच वस्तीतील माणसे घेऊन करावा. दुसरी, तो प्रथम वस्तीत दाखवावा. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ चौदा वर्षे खपून २०११ साली पुरा झाला आणि मुंबईच्या वस्त्यांतून माणसांनी दाटीवाटीने बसून तो पाहिला, हे उदाहरण समोर आहे. तिसरी गोष्ट आपल्यासाठी आहे. ज्या महाविद्यालयांत आपण शिकवतो तेथे एक कॅमेरा, एक संगणक आणि एक अंधारी खोली मिळवण्यासाठी आपण भांडले पाहिजे. आपल्या नियतकालिकांनी कवितेइतकीच पटकथेलाही जागा दिली पाहिजे. जयंतीच्या वर्गणीतील काही हिस्सा ध्वनिक्षेपकाच्या भिंतींऐवजी एखाद्या मुलाच्या सहा महिन्यांच्या भाकरीसाठी बाजूला ठेवता आला तर तो बाबासाहेबांच्या शिकवणुकीशी अधिक सुसंगत होईल.

एक मंजुळे घडला तो व्यवस्थेमुळे नव्हे, व्यवस्था असतानाही घडला. अशा माणसाकडे बोट दाखवून ‘बघा, जिद्द असली की होते’ असे म्हणणे समाजाला फार सोयीचे असते. जिद्द तर ऊसाच्या फडात रोज दिसते. ‘पिस्तुल्या’ आणि ‘फँड्री’ यांच्यामधली वर्षे पुढच्या मुलाला एकट्याने काढावी लागू नयेत, एवढे जरी आपण करू शकलो तरी त्या दोन चित्रपटांची समीक्षा पुरी झाली असे मी समजेन.